निळी बाटली

मीरा रोड, एप्रिल १९९४

चि. रसिका,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून तुझी एम.एस्सी.ची परीक्षा, म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

तू बायोकेमिस्ट्री घेतलीस तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, मग होणार तरी कोण? आणि गणपतीत तू सोसायटीच्या मंडपाशेजारी लघवीतली साखर तपासायला बसलीस, तेव्हा तर लाजेने अर्धमेला झालो. अख्खी बिल्डिंग बाटल्या घेऊन रांगेत! सेक्रेटरी असूनही मी माझी बाटली काही दिली नाही.

परवा मोरीत मुंग्या लागल्या. साखर असली की लघवीला मुंग्या लागतात, हे तूच त्या रांगेला समजावत होतीस. तुझं उरलेलं निळं औषध माळ्यावर होतं. आई भाजीला गेल्यावर तू करायचीस तसंच केलं. नळीत औषध घेतलं, वर लघवीचे आठ थेंब टाकले, चिमट्यात धरून गॅसवर तापवलं. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लालभडक, म्हणजे भरपूर साखर.

खरं सांगू? घाबरायच्या आधी तुझं कौतुक वाटलं. म्हटलं, पोरगी हे शिकतेय तर!

उद्या डॉक्टरकडे जातोय. तुला पेपर संपल्यावर कळवेन. आईलाही सांगितलेलं नाही. आज सकाळी एवढंच म्हटलं, माझ्या चहात साखर नको.

तिने स्वतःच्या कपातही घातली नाही.

तुझे,
बाबा