गाडी मी चालवत नव्हते

मी वसुमती नटराजराव, वय एकाहत्तर, राहणार पश्चिम राजवीथी, तंजावूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर सून हरिणी हिला. मुलगा हरिप्रसाद याचा त्यावर हक्क नाही. घर विकून त्याचा खटला मिटवू नये.

२. शिवणयंत्र नात साईप्रिया हिला. तिचे पाय आता पायट्याला पोचतात.

३. २०१२ साली तिरुवैयारूच्या रस्त्यावर आमच्या गाडीखाली सायकलवरची फुलवाली पूंगोडी मेली. गाडी मी चालवत होते, असे मी न्यायालयात सांगितले. ते खोटे होते. चालवत होते माझे यजमान, लग्नाच्या जेवणावरून पिऊन परतताना. निघताना म्हणाले, "दोनच घेतले. रस्ता पायाखालचा आहे." वीस वर्षे असेच घरी पोचत आलो, म्हणून मी मुकाट बसले. धडकेनंतर म्हणाले, "वसू, इकडे बस. तू पीत नाहीस." मी बसले. यजमान आज नाहीत. ही कबुली मी पोलिसांतही लेखी दिली आहे.

४. गेल्या महिन्यात हरिप्रसाद भरदुपारी पिऊन साईप्रियेला शाळेतून आणायला गेला आणि ऑटोवर आदळला. ऑटोवाल्याचा पाय मोडला, पोरीच्या कपाळाला सहा टाके पडले. त्याने हरिणीला फोन केला, "लवकर ये, तू चालवत होतीस म्हण." ती चपला घालत होती. मी दारात उभी राहिले, तिला एकटीला जाऊ दिले नाही. मग तिला घेऊनच गेले आणि पोलिसांना सांगितले, "गाडी हाच चालवत होता. तपासा."

तो म्हणाला, "बाबांसाठी केलंस, माझ्यासाठी नाही?"

"त्यांच्यासाठी केलं, म्हणूनच तू फोन केलास," मी म्हणाले. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. घर न देण्याचे कारण राग नव्हे. हरिणीला नाही म्हणता यावे, यासाठी तिच्या पायाखाली स्वतःची जमीन हवी. मला तेव्हा ती नव्हती.

५. पूंगोडीचा मुलगा कार्तिकेय याला मी घरी जाऊन सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले, "अम्मा लगेच गेली का?"

मी खरे सांगितले. ती पाणी मागत होती. तेव्हा मी जागा बदलत होते.

या कागदावर साक्षीदार म्हणून सही करशील का, असे मी त्याला विचारले. तो उठून आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. म्हणून साक्षीदार दुसरे घेतले आहेत. त्यांना मराठी वाचता येत नसल्याने हे सर्व तमिळमध्ये वाचून दाखवले.

सही: वसुमती नटराजराव
साक्षीदार: डॉ. राममूर्ती, हनुमंतराव, शेजारी
तंजावूर, १४ मार्च २०२५