कोऱ्या बाटलीतला मासा

प्रिय धाकट्या,

तीन दिवस तुझे फोन मुद्दाम घेतले नाहीत. घेतला असता तर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं, ते मला झेपलं नसतं आणि तुलाही. लिहिताना निदान शब्द खोडता येतात. तरी आधीच सांगते, हे पत्र गोड नाही, तेव्हा कामावर उभ्या उभ्या वाचू नकोस.

त्या दिवशी नदीवर तू मला किती चिडवलंस! हातमोजे, टोपी, औषधाने धुतलेले बूट पाहून, पाणी भरायला निघालीस की ऑपरेशनला, असं विचारत होतास. आठवडाभर घरात मासा शिजवू दिला नाही म्हणून बाबाही कुरकुरत होते. तुम्हा दोघांना बसवून मी समजावलं होतं, की मासा दिसला नाही तरी त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, खवल्याचा एखादा कण, विष्ठा, असं काहीतरी पाण्यात सुटत राहतं, आणि त्यातल्या डीएनएवरून डोहात कोण राहतं ते आम्हाला कळतं. जाळं टाकावं लागत नाही. जन्मभर जाळी टाकलेल्या बाबांना ते एकदम पटलं. म्हणजे आता पाणीच साक्ष देणार, म्हणाले.

साक्ष कशासाठी हवी होती ते तुला पक्कं ठाऊक होतं. डोह बुजवून तिथे गोदामं बांधायचीत, आणि काळशेपटी मासळी अजून तिथे आहे असं सिद्ध झालं तरच ते काम थांबणार आहे. सतरा वर्षांत ती कुणाच्या जाळ्यात आलेली नाही. बाबा मात्र सांगत राहिले, की मागच्याच वर्षी बुडालेल्या झाडाखाली तिच्या शेपटीवरचा काळा ठिपका त्यांनी स्वतः पाहिला. मासळीबाजारात लोक हसले. म्हाताऱ्याची नजर गेली, म्हणाले. तू त्यातल्या एकाची कॉलर धरलीस, तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता!

निकालाचा पहिला कागद हातात आला आणि मी खुर्चीतून उडालेच. सहाच्या सहा बाटल्यांत काळशेपटी! तशीच बाबांना फोन लावला. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग मी दुसरा कागद उलटला. उलटायचा होता आधी, ही चूक माझी, आणि तिची लाज मला जन्मभर वाटेल.

आता नीट वाच. आपण पेटीत सात बाटल्या ठेवल्या होत्या. त्यातल्या सहांत डोहाचं पाणी होतं. सातवी मी प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आणली होती. ती फक्त सोबत फिरते, काठावर तिचं झाकण उघडून पुन्हा लावायचं, बस. तिला आम्ही कोरी बाटली म्हणतो. हाताळताना कुठे घाण शिरली तर तिच्यात कळतं. ती कोणती, हे माझ्या वहीत असतं, बाटलीवर नुसता आकडा. नदीचा थेंबही न शिवलेल्या त्या बाटलीत काळशेपटी निघाली. तीही सगळ्यात जास्त!

तरी मी स्वतःवरच संशय घेत बसले रे. मोजे फाटले होते का, बूट नीट धुतले नव्हते का. शेवटी घरी गेले आणि बाबांच्या फळीवरची ती काचेची बरणी उतरवली, सतरा वर्षांपूर्वीची शेवटची काळशेपटी स्पिरिटमध्ये ठेवलेली. स्पिरिट दोन बोटं खाली गेलेलं. झाकणावर काळ्या ग्रीसचा अंगठा. घरात बोटींची इंजिनं खोलणारं दुसरं कोण आहे? मी काठावर वहीत वेळ लिहीत होते आणि तू पेटी गाडीकडे नेलीस, तेव्हा तेलाच्या पिचकारीने ते स्पिरिट सगळ्या बाटल्यांत थोडं थोडं सोडलंस ना? एकही बाटली वगळली नाहीस. काय तो मन लावून केलेला मूर्खपणा!

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? दोन दिवस तो दुसरा कागद मी खणात ठेवला. कुणी विचारलं नसतं, डोह वाचला असता. बारा वर्षांच्या नोकरीत असला विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, तो तू आणलास. तिसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या बाईंसमोर दोन्ही कागद ठेवले. सगळे नमुने रद्द झाले. गोदामवाले आता म्हणतील, या घराण्याला मासे बनवायची सवयच आहे.

बाबांनाही सांगितलं, तुझं नाव घेऊन. मला वाटलं होतं ओरडतील. ते बरणी पुसत बसले आणि एवढंच म्हणाले, म्हणजे त्यालाही वाटतं की मी ती पाहिली नव्हती. धाकट्या, लोकांच्या कॉलरी धरत फिरलास, आणि विश्वास तुझाही नव्हता.

पत्र लिहिलं ते याचसाठी. बाईंनी खूप भांडून पुन्हा नमुने घ्यायला एक दिवस मिळवलाय, येत्या सोमवारचा. बाटल्या भरायला परक्या प्रयोगशाळेचे लोक येतील, मी काठावर उभी राहणार. बुडालेल्या झाडापर्यंत होडी नेणं तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, आणि बाबा हट्टाने होडीत बसणार आहेत, जागा दाखवायला. तू वल्हं धर. बाटलीला हात लावायचा नाहीस. बाबा बोट दाखवतील तिथे होडी थांबव आणि तोंडातून अक्षर काढू नकोस. निघाली तर निघाली. नाही निघाली तर नाही असंच लिहिलं जाईल, आणि बाबांना घरी तू सोडायचंस, मी नाही.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
ताई