शरदिनीचे किडे

प्रिय शरदिनी,

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. चौथीनंतर माझ्या हातातली पाटी काढून तुला मांडीवर दिलं, ते तुला ठाऊकच आहे. फोन केला असता, पण तुझं नाव ऐकलं की हे फोन माझ्या हातातून ओढून घेतात. म्हणून लिहिते.

तुझे किडे लागू पडले. वरुणा नदीपलीकडच्या शेतात आमचा गेंदा, म्हणजे आपला झेंडू, मान टाकत होता. उपटला की खाली मूळच नाही, नुसती पांढरी गुबगुबीत हुमणीची अळी. तू नाशिकहून पाकीट पाठवलंस. डोळ्याला न दिसणारे किडे, सूत्रकृमी की काय ते, हुमणीच्या पोटात शिरून तिला मारतात म्हणालीस. गार जागी ठेवा, असंही बजावलंस. पण सासूबाईंचं म्हणणं, सुनेच्या माहेरून आलेलं आधी देवापुढे. एकादशीची अखंड समई, तिला टेकवून ठेवलं. सगळे उकडून मेले. ठेवलं त्यांनी, बोलणी खाल्ली मी. हे म्हणाले, शरदिनी असती तर असं झालं नसतं. सख्ख्या बायकोला!

तू दुसरं पाकीट धाडलंस, एका शब्दानेही रागावली नाहीस. तेही मला झोंबलं. चार शब्द सुनावले असतेस तर बरं वाटलं असतं.

लग्न झाल्यापासून मी ओरडतेय, भर उन्हात पाणी घालू नका. कधी ऐकलं? तू म्हणालीस, ऊन उतरल्यावर ओल्या मातीत सोडा, तर माणूस दुपारपासून झारी घेऊन सूर्याकडे बघत उभा! पंचगंगा घाटावर नावाडी भेटला तरी त्याला तुझीच कथा. हमारी साली साहिबा वैज्ञानिक हैं! मी शेजारी उभी, भाजीची पिशवी धरून. तू शाळेत पहिली आलीस तेव्हाही शिरा मीच ढवळत होते, आणि आई सगळ्या गल्लीला तुझं नाव सांगत होती.

परवा एकटीच शेतावर गेले. खुरप्याने उकरलं, तर हुमणी मेलेली, विटेसारखी लाल, तू सांगितली होतीस तश्शी. शेजारच्या रोपाची मुळं शाबूत. इतका आनंद झाला की कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं, आणि तोंडात पहिलं नाव तुझंच आलं. मग स्वतःवरच चिडले.

आता मुद्द्याचं. इथल्या विद्यापीठात तुला नोकरी लागली, आमच्याकडे राहू का विचारलंस. ह्यांनी मला न विचारता हो म्हटलं. वरच्या खोलीला चुनाही लावून झाला. सासूबाईंनी तुझ्यासाठी चांदीची वाटी काढली, जी मला आजवर मिळाली नाही. तर माझं उत्तर ऐक. नको येऊस. लोक म्हणतील, बहिणीला दार लावलं. म्हणू देत. या घरात माझी म्हणून जेमतेम पाटाएवढी जागा आहे, तू आलीस की तीही जाईल, आणि तुला ती मागावीही लागणार नाही. शिंदे घाटाजवळ मी स्वतः हिंडून तुझ्यासाठी खोली बघितलीय. खिडकीतून गंगा दिसते, मालकीण बरी आहे. घरी मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. रविवारी मात्र शेतावर ये, ऊन उतरल्यावर. भिंगातून तू बघ. झारी मी धरीन.

कितीही जळाले तरी तुझीच,
इंदूताई