अळंबीची जागा

५ जानेवारी, सोमवार

ठरलं! रोज पहाटे ड्यूटीला जायच्या आधी एक तास अभ्यास. आणि रोज इथे लिहायचं – आज काय नाही कळलं, आणि काय कळलं. नाही कळलं ते आधी, म्हणजे लाज मोडेल.

नाही कळलं: फायरवॉल कुणाला आत घ्यायचं ते कसं ठरवते.
कळलं: आमच्या रिसॉर्टच्या गेटवरचा वॉचमन ठरवतो तसंच! त्याच्याकडे यादी असते, यादीत नाव नाही तो बाहेर. (आमचा वॉचमन ओळखीच्याला यादीशिवाय सोडतो. म्हणजे आमच्या फायरवॉलला भोक आहे.)

मॅनेजर विलास सरांना आज सांगून टाकलं, की मी सायबर सिक्युरिटी शिकतेय. ते म्हणाले, "म्हणजे सायबर कॅफेवर बसणार? बी.एस्सी. होऊन? त्यापेक्षा इथेच थांब, पुढच्या वर्षी सिनियर करतो तुला." माणूस वाईट नाही. पण रिसेप्शनवर उभी राहून 'वेलकम' म्हणून म्हणून माझे गाल दुखतात. लोकांना आत घ्यायचं काम खूप झालं. आता चोरांना बाहेर ठेवायचं!

६ जानेवारी, मंगळवार

आज सुट्टी. आईबरोबर दुकानात गेले. तिचे हात पिठाचे, म्हणाली, "वनी, तूच टाक पैसे माज्या फोनवरनं."
"पिन काय?"
"चार एक शून्य, दोन शून्य एक!" – एवढ्या मोठ्याने, की दुकानदार हसला.

मी टाकला. टाकता टाकता थांबले. ४१०२०१. हा तर आमच्या पत्त्याचा पिन! कर्जतचा! पत्रावर घालतात तो!

"आई, हा पोस्टाचा पिन आहे गं!"
"मग? त्या शिबिराच्या पोरानं पिनच मागितला ना? आधारकार्डावर छापलेला हाय. इसरायला नको."

बचत गटाच्या बायकांच्या फोनवर पैशाचं ॲप सुरू करून द्यायला गेल्या वर्षी शिबिर झालं होतं. तिथला पोरगा "पिन टाका मावशी, सहा आकडी" म्हणाला आणि घाईत पुढच्या बाईकडे वळला. गटाची अध्यक्ष इंदूबाई सगळ्यांत हुशार – तिने आधारकार्ड उलटून सहा आकडी पिन शोधला. तिचं बघून बाकीच्यांनी. म्हणजे अख्ख्या वाडीचं कुलूप एक, किल्ली एक, आणि ती किल्ली प्रत्येकीच्या कार्डावर छापलेली!

घरी येईपर्यंत हसत होते. मग ओट्यावर पडलेला आईचा फोन दिसला. बाजारात असा एखादा फोन चोरीला गेला तर? हसू गेलं.

८ जानेवारी

मेल आला!! मुलाखत! नवी मुंबईतली कंपनी, प्रशिक्षणार्थीची एकच जागा. सोळा तारखेला, व्हिडिओवर.

बाबा वाडीभर सांगत सुटलेत, "पोर सायबर होनार हाय." कुणीतरी विचारलं, "सायबीण का?" "हां, तीच!" घरातली पहिली पदवी मी आणली तेव्हापासून बाबांना माझं काहीही खरं वाटतं. म्हणून जास्त भीती वाटते.

१० जानेवारी

बायकांना गोळा केलं. चांगलं तासभर बोलले. पिन बदला, प्रत्येकीचा वेगळा ठेवा, कुणाला सांगू नका – गुपित ठेवा.

'गुपित' म्हटलं आणि बिघडलं. इंदूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्यात कुणाचं कुणापासून काय लपलंय गं? दाराला कडी तरी लावतो का आमी? आता शेजारणीपासून लपवू? मी काय चोर हाय?"
आईसुद्धा तिच्याच बाजूने! "शिकली ना, म्हणून आमाला येगळं करायला निघाली."

मी म्हटलं, निदान जन्मतारीख तरी टाका. तर सगळ्यांची एक जून! शाळेत घालताना गुरुजींनी जिला तिला एक जूनच लिहून दिली. एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की सभाच मोडली. एकीनेही पिन बदलला नाही.

नाही कळलं: माणसांना कसं समजवायचं.
कळलं: काही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

कळलं!!!

तीळगूळ द्यायला सगळ्या आमच्या ओट्यावर. बोलता बोलता इंदूबाई आईला म्हणाली, "गोदे, पावसात टोपलीभर अळंबी आनलीस, येकदा जागा तर दाव."
आई म्हणाली, "दावते की. मेल्यावर."
सगळ्या हसल्या. इंदूबाईही. कुणालाच राग आला नाही! अळंबीची जागा ज्याची त्याची. आई मलाही फक्त पायवाटेपर्यंत नेते, पुढे एकटी जाते. ती कुणी सांगत नाही, आणि विचारलं तर थट्टेतच विचारतात.

मी ओरडलेच – "पिन म्हणजे अळंबीची जागा!"

मग इंदूबाई म्हणाली, "असं बोल की मंग! मगापासनं पिन पिन काय लावलंस?" (मगापासून नाही, आठवडाभर लावलं होतं. असो.)

मग काय! एक चुलीपाशी, एक गोठ्यात, एक भिंतीकडे तोंड करून, जशा काही चोरून गूळच खातायत. मी फक्त कुठे दाबायचं ते दाखवलं आणि डोळे मिटले. आईनेही मला सांगितला नाही. वर म्हणते, "इचारू नको हां." किती छान वाटलं!

फक्त गटातली मोतीबाई राहिली. ती नवऱ्याबरोबर खालापूरच्या पुढे वीटभट्टीवर गेलीय. फोनवर सांगावं तर ती कायम स्पीकरवर बोलते, अख्खी भट्टी ऐकते. मंगळवारी सुट्टीला जाईन.

१६ जानेवारी

मुलाखत झाली. रिसॉर्टच्या लाँड्रीत बसून दिली, तिथे नेट चांगलं. मागे पांढऱ्या चादरी. नम्रता मॅडम म्हणून होत्या, म्हणाल्या, "हॉस्पिटलात आहेस का गं?" मग मी सैल झाले. बरंच आलं. एक नाही आलं, तर म्हटलं, "माहीत नाही, आज वाचते." त्या हसल्या.

मग विचारलं, "स्वतः शोधलेली एखादी त्रुटी सांग."
"आहे मॅडम. मोठी आहे. पण आज नाही सांगता येणार."
"का?"
"एका बाईची दुरुस्त व्हायची राहिलीय. ती झाली की लगेच कळवते."
"अगं, मी काय तिच्या पैशावर टपलेय का?"
"नाही मॅडम. पण राहिलीय."
त्यांनी घड्याळ बघितलं. "मला आजच दोघांतून एक निवडायचाय. त्या मुलाने त्याचं सगळं सांगितलं. बघ बाई."

बघितलं. डोळ्यांसमोर मोतीबाई आली, स्पीकरवर बोलणारी. नाही सांगितलं.

चादरींच्या घड्या घालत थोडा वेळ बसले. मग ड्यूटी. 'वेलकम!'

बाबा म्हणाले, "सांगून टाकायचंस की! ती बाई काय इथं येनार होती?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसरीची जागा ही कशी दावील?" मग मला दोन भाकऱ्या जास्त.

२० जानेवारी, मंगळवार

भट्टीवर जाऊन आले. खालापूरपर्यंत एसटी, पुढे चालत. मोतीबाई विटेसारखीच लाल झालेली, मला बघून धावत आली. "कोन मेलं?" पिनसाठी आले म्हटल्यावर पोट धरून हसली. अळंबीचं सांगितलं तर एका झटक्यात कळलं. "तिकडं बघ," म्हणाली. मी बघितलं. "अजून तिकडं!" पार धुराड्याकडे बघितलं. झालं! वाडी पूर्ण!

येताना तिने रताळी दिली.

२२ जानेवारी

मेल आला. त्या मुलाची निवड झाली.

रडले. मग तोंड धुऊन नम्रता मॅडमना मेल लिहिला, कारण कळवते म्हटलं होतं. शिबिर, आधारकार्ड, एक जून, अळंबी – सगळं. 'आता सर्वांचे बदलून झाले आहेत, म्हणून सांगत आहे.' नोकरीचं एक अक्षर लिहिलं नाही.

उद्या पहाटेचा तास चुकवायचा नाही. पुढची मुलाखत कुठेतरी असेलच.

२३ जानेवारी

नाही कळलं: एन्क्रिप्शन.
अजूनही नाही कळलं: एन्क्रिप्शन.

२४ जानेवारी, शनिवार

नम्रता मॅडमचा फोन! काल रात्री त्यांनी जेवताना वडिलांना माझी गोष्ट सांगितली. "बाबा हसतील वाटलं गं. तर घास हातात तसाच!" घर डोंबिवलीला, वडील जन्मभर बँकेत होते. पिन – ४२१२०१. डोंबिवलीचा!

सकाळी मॅडमनी ऑफिसातल्या सगळ्यांना आपापल्या घरी विचारायला लावलं. कितीतरी घरांत तेच निघालं, हसणं बंद आहे म्हणाल्या. लोकांना शिकवायला माणूस हवाय, आणखी एक जागा काढलीय. फेब्रुवारीपासून ये. पण त्याआधी एकदा डोंबिवलीला – वडील मुलीसमोर पिन बदलायला तयार नाहीत. म्हणतात, "त्या कर्जतच्या मुलीलाच बोलव. तिच्या पोटात गोष्ट राहते."