आपापल्यात बसवलेली पोरं

बाई, तुमच्या लातूरच्या शाळेतला शिपाई लिहितोय. चौथी शिकलेला माणूस, चुका पोटात घाला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचे दिवस आठवतात. कचेऱ्या आल्या, कारकुनांची पोरं आली. पाऊस नव्हता म्हणून खेड्यांतून कामाला आलेल्यांचीही आली. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कानडी, कुणाच्या दखनी. तुम्ही आठ दिवस आजारी होता आणि पहिलीच्या वर्गात बसायच्या तरटपट्ट्या मी अंथरल्या. नवी पोरं रडत होती. मला वाटलं, ओळखीच्याजवळ बसली की गप्प होतील. म्हणून देगलूरकडची तेलुगू बोलणारी एका पट्टीवर, मुसलमानांची दुसरीवर, बौद्ध वस्तीतली तिसरीवर, आमच्यासारखी शेतकऱ्यांघरची चौथीवर. रडणं खरंच थांबलं. मी मनात फुशारलो. तुम्ही आलात, दारात थांबलात आणि हे कुणी केलं ते विचारलंत. मी म्हणालो, "मीच, बाई. आपापल्यात बसवली." तुम्ही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालात, "मामा, त्यांना हे माहीत नव्हतं. तुम्ही शिकवलंत."

मग तुम्ही सगळ्यांना उठवून मिसळून बसवता, आणि बौद्ध वस्तीतली ती दोन वेण्यांची मुलगी पुढच्या पट्टीवर बसत नाही. तुम्ही हात धरता, ती मागं बोट दाखवते. "आमची ती हाय." तेव्हा मला दिसलं, शेतकऱ्यांच्या पोरांना मी पुढची कोरी पट्टी दिली होती आणि तिला दाराजवळची उसवलेली. मुद्दाम नाही, बाई. हात आपोआप तिकडं गेला. त्याचीच जास्त भीती वाटते. पुढं दर सोमवारी पोरांच्या जागा बदलायचं काम तुम्ही मलाच लावलंत. निवृत्त होईपर्यंत केलं.

आता मी गावी, नायगावला असतो; यंदा नातीला तिथून क्लाससाठी लातूरला आणलं. बरोबर तिची मैत्रीण, बौद्ध घरची, लहानपणापासून एका बाकावरची. दोघींना एकच खोली हवी होती. घरमालकीण पोरींना खोली दाखवते, मग मला जिन्यापाशी नेऊन हळूच विचारते, "आजोबा, त्या दुसरीचं आडनाव काय?" ती कशाला विचारतेय ते मला कळलं होतं. तरी सांगितलं. लगेच दुसरी खाट आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. त्या पोरीनं बॅग उचलली. तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. नात म्हणाली, "आबा, आत्ता तर दोन्ही खाटा रिकाम्या होत्या." मी म्हणालो, "दिली असंल कुणाला."

आता फोनवर नात थोडकंच बोलते. जेवलीस का विचारलं की "जेवले" म्हणते आणि ठेवते. आडनाव कुणी सांगितलं ते तिला कळलं असेल का, याच घोरात दिवस जातो. तुम्ही म्हणाल, मामा घाबरला म्हणून बोलून गेला. तसं नाही, बाई. आडनाव सांगताना मला जरा बरं वाटलं होतं, आपली पोरगी आपल्यातच राहील म्हणून. हे नातीला लिहायला हवं. तिचा पत्ता माझ्यापाशी आहे. तुमचा नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितोय.