जंतू मारणारी आणि विरजणवाली

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता आलं नसतं. घर दोन खोल्यांचं आणि यांचे कान दोन्ही खोल्यांत, म्हणून लिहिते.

चार महिने अंगावरून पातळ, करडं जातंय. वास येतो, मासळीसारखा. खाज नाही, दुखत नाही. पण आईचंही असंच अंगावरून जाण्यानं सुरू झालं होतं, आठवतं? वर्षभर ती कपडे वेगळे धूत राहिली आणि आपल्याला कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

हॉस्पिटलातली शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. माझ्या हातून गेलेल्या कात्रीवर औषधालाही जंतू सापडायचा नाही. म्हणून घरीही तेच केलं. कामावरचं जंतुनाशक पाण्यात घालून दिवसातून तीनदा आतून धुते. तरी वास वाढतोच आहे. म्हणजे हे जंतूंचं नाही, आईचंच दुखणं असणार. तपासून घ्यायला पाय उचलत नाही. हे विचारतात, हल्ली भिंतीकडे तोंड करून का झोपतेस. मी म्हणते, मान अवघडते.

कोणाला बोलू नकोस. माया आहे तशी ठेव.

तुझी,
धाकटी


१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी घाबरले, मग चिडले. आईच्या नावानं रडतेस आणि वागतेस आईसारखीच. या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेली नाहीस तर मी येऊन तुला बखोटीला धरून नेईन, आणि तुझ्या कामावरच्या सगळ्यांना कारणही सांगेन.

आता माझ्या धंद्यातलं ऐक. गेल्या वर्षी आमच्या डेअरीत नव्या माणसानं दह्याची टाकी जंतुनाशकानं धुतली आणि नीट विसळलीच नाही. विरजणाचे जंतू मेले, जागा मोकळी बघून भलतेच शिरले. दही लागलं नाहीच, वर असा वास सुटला की साहेब नाकाला रुमाल लावून आले. तू तुझ्या टाकीचं तेच केलंस, असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, पण विरजणात माझे केस पिकले.

सोबत आमच्या उत्तम विरजणाची पुडी आहे. जिथं धुतेस तिथंच लाव.

जावईबापूंना इतक्यात काही सांगू नकोस. लोभ तर आहेच, धाकही असू दे.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले. बाईंनी विचारलं, कशानं धुता. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या स्वतःच्या चिमट्यांना तेच वापरतात.

त्या म्हणाल्या, योनीत तुझ्या विरजणाच्या जंतूंचे भाऊबंद राहतात, लॅक्टोबॅसिलस. ते तिथं आंबटपणा टिकवतात, म्हणून बाकीच्यांचा निभाव लागत नाही. बहुधा मी राखणदार मारले आणि चोरांना दार उघडलं. सात दिवस गोळ्या दिल्या. बाहेरून साधं पाणी, आतून काही नाही. वास गेला.

तुझी पुडी दाखवली. बाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. बहिणीला सांगा, म्हणाल्या, भाऊबंद असले तरी ते दुधातले, इथं मुक्काम करतीलच असं नाही, आणि डेअरीची पुडी आत घालायची तर नाहीच. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मिळतात, औषधानंतर काहींना उपयोग होतो, पण त्यावर अभ्यास अजून चालू आहे. औषधाऐवजी घ्यायच्या नाहीत. पुडी मी दुधात घातली. दही घट्ट लागलं.

मुख्य गोष्ट शेवटी ठेवली. कॅन्सर आहे का बघायला गर्भाशयाच्या तोंडाचा नमुनाही घेतला होता. गुरुवारी रिपोर्ट आला. काही नाही, ताई. मी जिन्यातच पायरीवर बसले. वरून येणाऱ्या आयाबाईंनी विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही.

यांना सगळं सांगितलं. म्हणाले, मला वाटलं मी घोरतो म्हणून भिंतीकडे वळतेस.

आता निवांत आहे. तूही राहा.

तुझी,
धाकटी


२१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पुडीबद्दलचा बोल मान्य. पण एक कबुली राहिली आहे.

तुला आईचं नाव घेऊन दटावलं खरं, पण आई गेल्यापासून अकरा वर्षांत मी एकदाही तपासून घेतलं नव्हतं. काही होत नाही तर कशाला, असं म्हणत आले. खरं कारण तू पहिल्या पत्रात लिहिलंस तेच, पाय उचलत नव्हता.

सोमवारी रजा काढली. टेबलावर आडवी झाले तेव्हा आधी तुझा राग आला, मग आईचा. नर्सबाई म्हणाल्या, श्वास सोडा. सोडला, तोवर त्यांचं काम झालंही होतं. एवढंच होतं गं ते. आईला एवढंच करायचं होतं.

काल रिपोर्ट आला. मीही ठीक आहे. रात्री पडल्या पडल्या झोप लागली, ती सकाळच्या पाळीचा भोंगा चुकवून उठले. नोकरीत पहिल्यांदाच उशीर झाला, आणि साहेबांनी कारण विचारलं तेव्हा खुशाल सांगितलं.

पुढच्या खेपेला दोघी एकाच दिवशी नंबर लावू.

तुझी माया पोचते आहे. माझी घे.

ताई