तात्या, जाड घालू की बारीक?

प्रिय तात्या,

उद्या दुपारी शिमग्याची पालखी वेशीवर येणार, आणि तुमच्या ठासणीच्या बंदुकीचा बार मला काढायचाय. बार ऐकल्याशिवाय पालखी गावात शिरत नाही. तुम्ही गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, बंदूक ठाण्यातून घरी आली. पण कपाटात दारूच्या बाटल्या निघाल्या दोन! एकीत जाड दाणा, मोहरीएवढा. दुसरीत बारीक, खसखशीसारखा. दोन्ही अर्ध्या वापरलेल्या. नळीत कोणती घालू? सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहितोय.

काकूला विचारलं तर म्हणाली, "मी रवा चाळते रे, दारू नाय!"

इतकी वर्षं बार काढलात, मला एकदा तरी जवळ का नाही घेतलंत? म्हणायचात, "लांब उभा राहा. तुझं डोकं आधीच पेटलेलं हाय." लागायचं मला ते!

खांब गावचा एक मित्र म्हणाला, "बारीक घाल, कानठळ्या बसतील." मला पटलंच. रेश्मा येणार आहे ना, रामवाडीची! तिच्यापायी माझं पेणचं कॉलेज अर्ध्यात सुटलं, आणि तुम्ही तिला चहा पाजून मला म्हणालात, "पोरगी हुशार हाय. तुझ्यात काय बघते?" तात्या, तेच तर कळत नाही! लग्नाचं विचारलं तर म्हणाली, "मला वेळ दे." मी रोज फोन करतो. ती उचलत नाही. याचा अर्थ काय लावायचा?

शेवटी बाटल्या घेऊन हुसेनचाचांकडे गेलो. चाचा कुवेत सोडून आल्यापासून शेतातली रानडुकरं हाकायला तुम्ही दोघं बरोबरच जायचात. बारीक दाणा बघून चाचा हसलेच.

"अरे, ही माझी! माझ्या बंदुकीची नळी अरुंद, तिला बारीक. दुकानातून आम्ही एकत्रच आणायचो, नि तात्याच्या कपाटात ठेवायचो. तात्याची नळी रुंद, तिला जाड. बारीक एकदम भडकते, ती जुनी नळी फाडशील, बेटा!"

मग हसू थांबवून म्हणाले, "जाड दमाने पेटते. कधी घोडा पडतो नि बार जरा मागून होतो. तेवढ्यात हलायचं नाय, नळीत डोकवायचं नाय. तात्या कसा खांबासारखा उभा राहायचा!"

म्हणजे लांब का ठेवायचात ते आता कळतंय. पण सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं का? बहुतेक नसतंच ऐकलं. काय माहीत!

तात्या, तुम्ही त्या क्षणाला मनात काय म्हणायचात? मला तर गप्प उभं राहताच येत नाही. आणि रेश्मा गप्प आहे ती नकार म्हणून, की तिचा बार मागून होणार आहे?

वचन देतो, उद्या जाडच घालीन. घोडा पडला की नळी आभाळाकडे धरून उभा राहीन, आवाज येईपर्यंत. आणि रेश्माला आता फोन करणार नाही, तिचा येईपर्यंत.

यातलं दुसरं जास्त कठीण हाय, तात्या.

तुमचा, अजून लांबच उभा असलेला,
नितीन